माझ्या बाबाचं नाव कुणी ठेवलं

माझ्या बाबाचं नाव यिफ्ताख. आमच्या हिब्रूत त्याचा अर्थ 'तो उघडेल'. आणि माझा बाबा बेत शआन शहरातला कुलूपवाला आहे. हा विनोद मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलाय की आता समोरचा बोलायच्या आत मीच सांगून मोकळी होते.

अर्थ चांगला असला तरी नाव जड आहे. आमच्या दुकानाच्या दारात उभं राहिलं की नदीपलीकडे गिलआदचे डोंगर दिसतात. आमच्या जुन्या धर्मग्रंथातला पहिला यिफ्ताख तिथला. लढवय्या होता. बापाला बाहेरच्या बाईपासून झालेला, म्हणून सावत्र भावांनी घरातून हाकलला. मग त्यानं आपल्यासारखीच रिकामी माणसं गोळा केली आणि डोंगरात राहिला. पुढे शत्रू अंगावर आला तेव्हा तेच गाववाले त्याच्याकडे गेले, चल, आमचा सेनापती हो. हा गेला, पण जाताना शपथ घेऊन बसला. जिंकून आलो तर माझ्या घराच्या दारातून जे पहिलं बाहेर येईल ते होमात देवाला वाहीन. जिंकला. परत आला. दारातून मुलगी आली, डफ वाजवत, नाचत. एकुलती एक.

म्हातारी माणसं याच्या पुढचं जे सांगतात ते मला जास्त खुपतं. ती शपथ सुटू शकली असती. मोठा पुजारी सोडवू शकला असता. पण सेनापती म्हणाला, मी का त्याच्याकडे जाऊ. पुजारी म्हणाला, मी का त्या अडाण्याकडे जाऊ, गरज त्याची आहे. दोघं आपापल्या जागी बसून राहिले आणि मधल्यामध्ये पोरगी गेली. तिचं नावसुद्धा कुणी लिहून ठेवलं नाही.

म्हणून बाबानं मला तीन नावं दिली. स्मादार, हदासा, तमार. एक हरवलं तर दोन शिल्लक राहावीत. हाक मात्र 'ए पोरी' अशीच मारतो.

बाबापण बाहेरच्या बाईचाच. माझी खरी आजी बस स्टँडवर चहाची टपरी चालवायची. बाबा झाला आणि दुसऱ्याच दिवशी ती त्याला आजोबांच्या हातात देऊन हैफाच्या बसमध्ये बसली ती परत आलीच नाही. आजोबा म्हणजे मखलूफ आजोबा. घरी त्यांची लग्नाची बायको झोहरा आणि तिचा नऊ वर्षांचा शाऊल. झोहराआजीनं बाबाला वाढवलं, शाऊलकाकासारखंच. ती होती तोवर ठीक होतं. बाबा सोळाचा असताना ती गेली आणि वर्षाच्या आत शाऊलकाकानं त्याची पिशवी अंगणात आणून ठेवली. म्हणाला, हे घर माझ्या आईचं आहे. आजोबा खुर्चीत बसून बघत राहिले. त्याबद्दल बाबा कधी बोलत नाही. मी बोलते, कारण मला राग येतो.

बाबा शहरात आला, एका रोमानियन म्हाताऱ्याकडे कुलपं शिकला आणि पुढे दुकान टाकलं. ज्यांना कुणी कामाला ठेवत नाही त्यांना तो ठेवतो. गावात आमच्या दुकानाला 'रिकाम्यांचं दुकान' म्हणतात. आता दूदू आहे. दूदू आधीही कुलपंच उघडायचा, फक्त मालकांना न विचारता. तीन वर्षं आत राहून आला. आणि मी आहे. दहावीत शाळा सोडली, दोन वर्षांत तीन नोकऱ्या केल्या. सुपरमार्केटमध्ये गल्ल्यावर बसले, माशांच्या तलावावर जाळी ओढली, केस कापायला शिकले आणि सोडलं. एका जागी बसलं की माझे पाय खाजतात. शेवटी बाबा म्हणाला, ये, इथे निदान शिव्या घरच्या मिळतील.

शाऊलकाकानं बाबाला लहानपणीच सांगून ठेवलं होतं की तुझं नाव यिफ्ताख का, तर तू बाहेरच्या बाईचं पोर आहेस हे गावाला लक्षात राहावं म्हणून. बाबानं ते खरं धरलं. एक्कावन्न वर्षांचा झाला तरी आजोबांना कधी विचारलं नाही. मी एकदा म्हटलं की विचार तरी, तर म्हणाला, विचारायचं काय त्यात, गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

अशा नावामुळे बाबा शपथेला फार भितो. आमच्याकडे तशी सगळ्यांनाच सवय असते. काही करीन असं म्हटलं की लगेच पुढे 'शपथ नाही' जोडायचं, म्हणजे बोललेलं अंगावर बसत नाही. पण बाबाची हद्द आहे. 'पाच मिनिटांत येतो, शपथ नाही.' 'जेवतो, शपथ नाही.' गिऱ्हाईक हसतात.

तोच माणूस दोन वर्षांपूर्वी विसरला.

मिमूनाची संध्याकाळ होती. वल्हांडणाचा सण संपल्यावर आम्हा मोरोक्कोहून आलेल्या ज्यूंकडे त्या दिवशी घरांची दारं उघडी टाकतात आणि कुणीही कुणाच्याही घरात शिरून गोड पोळ्या खातं. वर्षातून तेवढा एकच दिवस बाबा मोशाववरच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या वस्तीवरच्या, त्या जुन्या घरी जायचा, आजोबांना भेटायला. मी नुकतीच शाळा सोडली होती. शाऊलकाका ताटात पोळी वाढता वाढता म्हणाला की टपरीवालीची नात, हिच्याकडून कुणी काय अपेक्षा ठेवली होती. पाहुणे हसले. मी पण हसले असते, मला असलं लागत नाही. पण बाबा उठला. दारापाशी गेला, चौकटीवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मी जिवंत असेपर्यंत या उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवणार नाही. शपथ घेतो."

मसूदाकाकूनं, म्हणजे शाऊलकाकाच्या बायकोनं, तोंडावर हात ठेवला. मी वाट बघितली की तो पुढे दोन शब्द जोडेल. नाही जोडले.

नवीन वर्ष लागायच्या आधी आमच्याकडे पुरुष माणसं तिघातिघांसमोर उभी राहून वर्षभराच्या शपथा सोडवून घेतात. बाबा दोन्ही वर्षी त्या वेळी बाहेर जाऊन उभा राहिला. मोहल्ल्यातल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, निरोप पाठवला की माझ्याकडे ये, दहा मिनिटांचं काम आहे. बाबानं उलटा निरोप पाठवला की दुकान उघडं असतं, त्यांनी यावं. मी त्याला म्हटलं, तूच ती सेनापती आणि पुजाऱ्याची गोष्ट सांगतोस आणि तूच हे करतोस. तो म्हणाला, तेल दे ती बाटली.

मग तो शुक्रवार आला. थंडीतला, म्हणजे दिवस छोटा. शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, लागल्याचा भोंगा सव्वाचारला होणार होता. भोंगा झाला की गाडी नाही, फोन नाही, उद्या अंधार पडेपर्यंत काही नाही.

पावणेदोनला दुकानातला फोन वाजला. मसूदाकाकू होती. हळू बोलत होती, शाऊलकाकाला कळू नये म्हणून. आजोबांना बघून डॉक्टर गेले, म्हणाले शब्बाथ संपलेला म्हातारा बघेल असं वाटत नाही. आणि सकाळपासून एकच नाव घेतायत. यिफ्ताख आला का. यिफ्ताख आला का.

मी बाबाला सांगितलं. तो एका बाईची किल्ली कापत होता. मशीन बंद केलं नाही. किल्ली पूर्ण केली, घासली, बाईला दिली, पैसे घेतले, दारापर्यंत सोडायला गेला. मग परत येऊन दुसरी कोरी किल्ली लावली, जी कुणी मागितलीच नव्हती.

"बाबा, चल."

"मी चौकटीला हात लावून बोललोय."

मी म्हटलं, मोड. एवढी काय ती शपथ. तो म्हणाला, माझ्या नावाच्या माणसानं पोरीला जाळलं पण शब्द मोडला नाही. मी म्हटलं, तो मूर्ख होता. बाबा म्हणाला, हो, होता. आणि मशीन चालू केलं.

दूदू कोपऱ्यात लॅच उघडून बसला होता. तो माझ्याकडे बघून मान हलवत होता, म्हणजे आता बोलू नकोस. पण मला ते जमत नाही. मला दिसत होतं काय होणार ते. आजोबा आज किंवा उद्या जाणार, बाबा दुकानात किल्ल्या कापत बसणार आणि मग उरलेला जन्म माझ्याशी नीट बोलणार नाही, कारण ती शपथ माझ्यामुळे घेतली होती. तोंडानं कधी म्हणणार नाही. पण तेल मागताना माझ्याकडे बघणार नाही.

मी बाहेर जाऊन रब्बींना फोन लावला. ते म्हणाले, मी घरीच आहे, पाठव त्याला. मी म्हटलं, तुम्हीच या ना, दोन गल्ल्या आहेत. ते म्हणाले की पोरी, गरज कुणाची आहे? मी फोन ठेवला. ठेवण्याआधी एक गोष्ट विचारली तेवढं बरं केलं. सोडवायला रब्बीच लागतो का? ते म्हणाले, तसं तीन मोठे पुरुष पुरतात, आपल्यातले, एकाला तरी रीत माहीत हवी.

तीन पुरुष. सव्वादोन झाले होते.

एक दूदू झाला. तो म्हणाला, मी? न्यायाधीश? मला बघून खरे न्यायाधीश पळतील. मी म्हटलं, तू बस फक्त. दुसरा गव्रिएल, समोरचा बसड्रायव्हर. तो रोज प्रार्थनाघरात धर्मपुस्तक वाचतो, त्याला रीत माहीत. तो आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून बाल्कनीत बसला होता. ऐकून घेतलं आणि चपला घालून खाली आला. तिसरा मिळेना. शुक्रवारी दुपारी पुरुष एक तर आंघोळीला असतात, नाहीतर झोपलेले. मी चार दारं वाजवली. एकानं खिडकीतून सांगितलं की यिफ्ताखच्या घरगुती भानगडीत मी पडत नाही.

उरले निसीमकाका, बेकरीवाले. चौऱ्याऐंशी वर्षांचे. शुक्रवारी दुपारी त्यांच्या दुकानासमोर शब्बाथच्या वेणी घातलेल्या पावाला पार रस्त्यापर्यंत रांग असते. मी रांग तोडून आत घुसले, बायांनी माझा उद्धार केला. मी त्यांच्या कानात सांगितलं. मखलूफ आजोबांचं नाव ऐकल्यावर त्यांचा हात पिठातच थांबला. म्हणाले, माल संपू दे. शंभर बिऱ्हाडं आहेत, त्यांना उपाशी बसवू का. मी म्हटलं, वेळ नाही. ते म्हणाले, मग उभी काय राहिलीस, पिशव्या भर. मी पिशव्या भरल्या. आयुष्यात एवढ्या वेगानं काम केलं नसेल. तीन वाजून दहा मिनिटांनी शेवटचा पाव गेला आणि मी त्यांना दंडाला धरून आमच्या दुकानात आणलं, अंगभर पीठ तसंच.

बाबानं आम्हाला एका रांगेत येताना बघितलं आणि त्याला कळलं. मला वाटलं हाकलून देईल. पण निसीमकाकांना तो कधी उलट बोलत नाही. नुसतं म्हणाला, काका, तुम्ही कशाला त्रास घेतला.

"गप उभा राहा," निसीमकाका म्हणाले. "बसायचं आम्ही, उभं राहायचं तू."

रीत तशीच आहे. तिघं बसतात, शपथवाला उभा राहतो. निसीमकाकांना स्टूल दिलं, गव्रिएल रंगाच्या डब्यावर बसला, दूदू कामाच्या टेबलावर पाय हलवत. मी शटर अर्धं ओढलं. बाबा किल्ल्यांच्या भिंतीसमोर उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा.

गव्रिएलनं सांगितलं की आधी शपथ बोलून दाखव. बाबानं बोलून दाखवली, एकही शब्द न बदलता. मग गव्रिएल म्हणाला, आता सांग की तुला पस्तावा होतो, घेतली नसती तर बरं झालं असतं. एवढं म्हणालास की आम्ही सोडवतो. एका मिनिटाचं काम.

भिंतीवरचं घड्याळ तीन पंचवीस दाखवत होतं.

"नाही होत," तो म्हणाला. "माझ्या पोरीला बोलला तो. आज बोलला तर आजही घेईन."

मला ओरडावंसं वाटलं की खोटं बोल. दूदू खरंच म्हणाला, उस्ताद, खोटं बोला की, कोण तपासणार आहे. गव्रिएलनं त्याला गप्प केलं. खोट्या पस्ताव्यानं शपथ सुटत नाही, सुटल्यासारखी दिसते फक्त, आणि हे बाबाला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. म्हणूनच तो खोटं बोलणार नव्हता. गव्रिएल म्हणाला, मग एकच वाट राहते. शपथ घेताना त्याला माहीत नव्हती अशी एखादी गोष्ट, जी माहीत असती तर त्यानं घेतली नसती. आहे का अशी?

कुणाकडे नव्हती. दूदूनं विचारलं, आजोबा मरतील हे माहीत असतं तर? गव्रिएल म्हणाला, ते चालत नाही, ते नंतर घडलंय, आधीपासून असलेलं हवं. मी विचारलं, मला शाऊलकाकाच्या बोलण्याचं काही वाटलं नव्हतं, हे माहीत असतं तर? बाबा माझ्याकडे बघून म्हणाला, मला वाटलं ना.

तीन तेहेतीस. मोशावला जायला वीस मिनिटं लागतात. मी मनात वजाबाक्या करत होते आणि प्रत्येक वेळी उरलेलं कमी होत होतं.

निसीमकाका इतका वेळ हाताचं पीठ चोळत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "हात कुठे ठेवला होतास म्हणालास?"

"चौकटीवर. त्यांच्या घराच्या."

"आतून उभं राहिलं तर कुठल्या बाजूला? कडीच्या?"

बाबा म्हणाला, हो, कडीच्या.

"आणि तुझं नाव कुणी ठेवलं?"

बाबा जरा हसला, वाईट हसला. म्हणाला, बापानं. काका, ती गोष्ट राहू द्या.

"बापानं?" निसीमकाका म्हणाले. "त्याचं तोंड होतं का तेव्हा?"

आणि मग त्यांनी सांगितलं. तेव्हा ते मोशावमध्येच राहायचे, आजोबांच्या शेजारी, आणि अंगणातल्या मातीच्या भट्टीत अख्ख्या गल्लीचे पाव भाजायचे. आजोबा एक दिवसाचं बाळ शर्टात गुंडाळून घरी आले तेव्हा झोहराआजीनं कडी लावून घेतली. सहा दिवस उघडली नाही. आजोबा बाळाला घेऊन निसीमकाकांच्या भट्टीमागे राहिले, तिथे ऊब होती म्हणून, आणि निसीमकाकांच्या बायकोनं स्वतःच्या मुलीबरोबर बाळालाही पाजलं. रोज सकाळी आजोबा दाराशी जायचे, वाजवायचे, परत यायचे. आठव्या दिवशी सुंता. ती पुढे ढकलता येत नाही. माणसं भट्टीपाशी जमली, सुंता करणारा आला, आणि बाळ असं रडायला लागलं की गल्लीभर ऐकू गेलं. तेव्हा कडी वाजली. झोहराआजी दारात आली, हातात लग्नातली कशिद्याची उशी. म्हणाली, आत आणा, माझ्या घरातल्या पोराची सुंता भट्टीमागे होणार नाही.

"नाव विचारलं तेव्हा मखलूफ जमिनीकडे बघत होता. आतल्या खोलीतून तीच म्हणाली. यिफ्ताख. कुणीतरी हसलं, तुझ्या त्या गोष्टीमुळेच. तर ती बाहेर आली आणि म्हणाली, सहा दिवस या माणसानं वाजवलं, मी उघडलं नाही. या पोरानं उघडायला लावलं. म्हणून हे नाव. हसायचं असेल तर बाहेर जाऊन हसा."

दूदूचे हलणारे पाय थांबले.

"मला वाटलं तुला माहीत आहे," निसीमकाका म्हणाले. "एक्कावन्न वर्षं मला वाटलं तुला माहीत आहे."

गव्रिएल घसा साफ करून, अगदी हळू, रीतीप्रमाणे म्हणाला, "यिफ्ताख, हे माहीत असतं, तर त्या चौकटीवर हात ठेवून शपथ घेतली असतीस?"

बाबानं तोंड फिरवून किल्ल्यांकडे केलं. त्याची पाठ दिसत होती आम्हाला. मी घड्याळाकडे बघितलं नाही, खरंच नाही बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "दुसरीकडे कुठेतरी घेतली असती. तिथे नाही."

"पुरे," निसीमकाका म्हणाले. आणि तिघं एकदम म्हणाले, मोकळा, मोकळा, मोकळा. तीनदा म्हणायची रीत आहे. दूदूनं चुकून चार वेळा म्हटलं.

तीन अठ्ठेचाळीस. बाबा गाडीकडे धावला. मी त्याला आयुष्यात धावताना बघितलं नव्हतं. मी घरी आईला फोन करून सांगितलं की शब्बाथचे दिवे तू एकटीच लाव, आम्ही येत नाही, आणि तिनं काही विचारायच्या आत ठेवला. गाडीवर शिडी बांधलेली, मागे ड्रिल आदळत होतं. शहराबाहेर पडताना माशांचा ट्रक पुढे लागला, तलावावरचा, पाणी सांडत जाणारा. ओलांडता येईना. बाबानं हॉर्न वाजवला नाही, दात चावत राहिला. मी खिडकीतून डोकं काढून ट्रकवाल्याला असं काही बोलले जे इथे लिहिणार नाही. तो बाजूला झाला.

चार तेराला मोशावचं पिवळं फाटक दिसलं. बंद. तिथले लोक धार्मिक, शब्बाथ लागायच्या आधीच साखळी घालतात. आतून घरापर्यंत अजून दीड किलोमीटर. बाबा उतरून फाटकापाशी गेला, कुलूप हातात घेतलं. असलं कुलूप तो बोलता बोलता उघडतो. मी मागून हत्यारांची पेटी काढली. तेवढ्यात भोंगा झाला. लांब, शहरातूनही आणि मोशावमधूनही, थोडा मागेपुढे.

बाबानं कुलूप सोडलं. गाडी कडेला लावली होती तशीच ठेवली. खिसे रिकामे केले, किल्ल्यांचे दोन जुडगे, पक्कड, पाकीट, फोन, सगळं सीटवर. शब्बाथला अंगावर काही वाहायचं नाही. मग फाटकाच्या बाजूच्या फटीतून आडवा होऊन आत शिरला आणि मी त्याच्यामागे. किल्ल्यांचा आवाज न करता चालणारा बाबा मला ओळखूच येईना. दोन्ही बाजूंना खजुराच्या बागा, अंधार पडत आलेला, घराघरांत दिवे लागलेले. मी मनात एकच गोष्ट म्हणत होते. अजून असू दे. अजून असू दे.

शाऊलकाका पायरीवर बसला होता. आम्हाला बघून उठला नाही.

"शपथ होती ना," तो म्हणाला.

"तिघांनी सोडवली," मी म्हटलं.

"कोण तिघं?"

मी सांगितलं, निसीमकाका, गव्रिएल आणि दूदू.

"दूदू? माझ्या ट्रॅक्टरची बॅटरी नेलेला दूदू?"

"तोच."

तो नाकानं हसला आणि पायरीवरून बाजूला सरकला. उठला नाही, नुसता सरकला, एक माणूस जाईल एवढा. दार उघडंच होतं. पण बाबा चौकटीपाशी जाऊन थांबला. हात तिथे गेला, कडीच्या बाजूला, आणि पाऊल उचलेना. मला वाटलं आता सगळं जाणार, इथपर्यंत येऊन. मी ढकलणार होते त्याला, देवाशप्पथ नाही म्हणत, पण ढकलणार होते.

आतून आजोबांचा आवाज आला, कुरकुरणारा. "दारात कोण अडून उभं आहे? वारा येतोय. आत या नाहीतर बाहेर जा."

बाबा आत गेला.

शब्बाथ होता, त्यामुळे परत जाता येणार नव्हतं. ज्या घरात कधी पाऊल ठेवणार नव्हता त्या घरात बाबाला पुढच्या दिवसाचा अंधार पडेपर्यंत राहावंच लागलं. शाऊलकाकाच्या पंगतीला जेवावं लागलं, शनिवारी दुपारी मसूदाकाकूनं रात्रभर मंद आचेवर ठेवलेली दफीना ही मांस-बटाट्याची रस्साभाजी खावी लागली. त्यात अंडी असतात, तपकिरी झालेली. शाऊलकाकानं एक अंडं सोलून बाबाच्या ताटात ठेवलं. बाबानं खाल्लं.

आजोबा मधेच जागे व्हायचे, मधेच झोपायचे. बाबानं हात धरला होता. त्यानं एकदाच विचारलं, झोहराआईनं नाव ठेवलं हे खरं का. आजोबा म्हणाले, "ती म्हणाली होती, तो विचारेल तेव्हा सांग. तू विचारलंच नाहीस." आणि डोळे मिटले. मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला आणि तरी मी त्यांचे पाय दाबत बसले.

शाऊलकाका दारात उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, "सुंतेच्या दिवशी कडी मी धरून ठेवली होती. आईनं माझी बोटं एकेक करून काढली."

बाबानं वळून बघितलं. मी बोलले असते, पण मसूदाकाकूनं माझा दंड धरला.

आजोबा रविवारी सकाळी गेले. सात दिवस सुतक त्याच घरात पाळलं, दोन सावत्र भाऊ बुटक्या स्टुलांवर शेजारी शेजारी. दार दिवसभर उघडं, माणसं येत जात. जुनी कडी प्रत्येक वेळी करकरायची आणि बाबाची मान त्या आवाजाकडे वळायची. पण सुतकात काम करायचं नसतं. सुतक सुटल्यावर रविवारी सकाळी तो पायी फाटकापर्यंत गेला, गाडी आणली, पेटी काढली आणि पहिलं काम ते केलं. कडी काढली नाही, बदलली नाही. घासली, तेल दिलं, परत बसवली.

निघताना शाऊलकाकानं विचारलं की तिसाव्या दिवशी कबरीवर जायचंय, नंतर जेवण इथेच आहे, येशील का.

"येईन," बाबा म्हणाला.

मी थांबले. पेटी हातात, गाडीचं दार उघडं. पुढचे दोन शब्द, 'शपथ नाही', यायची वाट बघत. शाऊलकाकासुद्धा बघत असावा, कारण तोही हलला नाही.

बाबानं पेटी माझ्या हातातून घेतली आणि गाडीत ठेवली. या वेळी तो विसरला नव्हता.